गुऱ्हाळावरचा ताळा : केमिकल इंजिनियरिंग शिकवताना

काहीलकाठ

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूर भागातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात केमिकल विभागात अकरा वर्षं शिकवते. दुसऱ्या वर्षाचा प्रोसेस कॅल्क्युलेशन्स हा विषय बहुतेक वर्षी माझ्याकडेच असतो. विषयाचं मूळ एका वाक्यात सांगता येतं. यंत्रात जे आत गेलं ते बाहेर आलं पाहिजे, नाहीतर आत साठलं पाहिजे. मुलं त्याला मास बॅलन्स म्हणतात. मी वर्गात त्याला ताळा म्हणते, कारण चौथीत भागाकार केल्यावर ताळा करून बघायची सवय सगळ्यांना असते आणि पुढे कधीतरी ती सुटते.

ती किती सुटते ते या सत्राच्या सुरुवातीला दिसलं. बाष्पीभवनाचं साधं गणित होतं. एका हुशार मुलाने १०० किलो द्रावण आत घेऊन १३० किलो घट्ट द्रावण बाहेर काढलं आणि उत्तराखाली दोन रेघा मारल्या. मी विचारलं, "आत किती घातलंस?" म्हणाला शंभर. "बाहेर किती आलं?" एकशेतीस. आणि तो माझ्याकडे बघत थांबला, कोणतं सूत्र चुकलं ते मॅडम सांगतील म्हणून. आकडा अशक्य आहे हे त्याला टोचलंच नाही. मला रात्री झोप लागली नाही. मुलगा बुद्धीने कमी नाही. किलो म्हणजे कशाचा तरी किलो, हे त्याला आम्ही कधी हाताला लागू दिलं नाही.

म्हणून जानेवारीत ५४ मुलांना घेऊन जवळच्या गुऱ्हाळावर गेले. एक आदण, म्हणजे काहिलीत एका वेळी उकळायला घातलेला रस, पूर्ण मोजायचं ठरवलं. रसाच्या हौदाची लांबी-रुंदी टेपने आणि रसाची उंची पट्टीने मोजून घनफळ आलं ७४२ लिटर. विरघळलेली साखर मोजणाऱ्या हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स १९, म्हणजे शंभर किलो रसात १९ किलो विरघळलेला ऐवज. शेवटी ढेपा काट्यावर ठेवल्या, गूळ भरला १५० किलो. त्याचा नमुना प्रयोगशाळेत वाळवला, ओलावा ५ टक्के.

मुलांचा तक्ता असा : आत गेलेला कोरडा ऐवज १४१ किलो, गुळातून बाहेर आलेला १४२.५ किलो. फरक एक टक्का! मुलांनी टाळ्या वाजवल्या. मलाही भरून आलं.

तर विचारायचं हे, की तुम्हाला हा विषय कुणी कसा शिकवला? तुम्ही शिकवत असाल तर हा किलोचा स्पर्श मुलांना कसा देता? कारखान्यात काम केलेल्यांनी तर जरूर लिहा.

---

तिसरं_वर्ष

मॅडम, मी दुसऱ्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या प्रयोगशाळेत डिस्टिलेशनचा, म्हणजे उकळून द्रव वेगळे करायचा, कॉलम आहे. दोन वर्षं त्याच्यावर प्लास्टिकचं कव्हर आहे. रीडिंग सीनियर्सच्या जर्नलमधून येतात आणि ते त्यांच्या सीनियर्सकडून आलेले असतात. आम्ही त्यावरून आलेख काढतो आणि तो सुंदर येतो. व्हायव्हाला मला विचारलं की रिबॉयलर, म्हणजे तळाचा द्रव उकळणारा भाग, कुठे आहे. मी आकृतीत दाखवला. खऱ्या कॉलमवर दाखवता आला नसता.

तुमच्या मुलांचा हेवा वाटला, एवढंच लिहायचं होतं.

---

जुना_माटुंगेकर

काहीलकाठ ताई, फार चांगला धागा.

मी सत्तरच्या दशकात माटुंग्याला यूडीसीटीत, म्हणजे रासायनिक तंत्रज्ञान शिकवणाऱ्या संस्थेत, होतो. ही संस्था १ ऑक्टोबर १९३३ ला मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झाली. आजूबाजूला कापडगिरण्यांचं शहर होतं. रंग, ब्लीचिंग, तेल, साबण हे सगळं भिंतीपलीकडे चालू असायचं. प्रा. एम. एम. शर्मा केंब्रिजला डँकवर्ट्स यांच्याकडे पीएच.डी. करून १९६४ मध्ये वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी तिथे प्राध्यापक झाले आणि १९९० मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो. या नावांचं कौतुक सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या लेखी त्या काळची खरी देणगी म्हणजे शिक्षक आणि कारखाने यांच्यातली ये-जा. कारखान्यात अडलेला प्रश्न वर्गात फळ्यावर यायचा आणि तो अर्धवट यायचा. दिलेली माहिती पुरेशी आहे की नाही हे आधी आम्हाला ठरवावं लागायचं. पुस्तकातल्या गणितात माहिती नेमकी लागेल तेवढीच असते, त्यामुळे ही कला तिथे शिकताच येत नाही.

एक तोंडी परीक्षा अजून आठवते. सरांनी पहिला प्रश्न विचारला, "या खोलीतल्या हवेचं वजन किती?" मी म्हणालो, नगण्य. ते काही बोलले नाहीत, कागद पुढे सरकवला. खोली सहा बाय पाच, उंची चार मीटर. १२० घनमीटर. हवा घनमीटरला १.२ किलो. १४४ किलो! त्या खोलीत आम्ही दोघं मिळून तेवढ्या वजनाचे नव्हतो. तेव्हापासून "नगण्य" हा शब्द मी आकडा काढल्याशिवाय वापरलेला नाही.

---

लोटेकर

ताई, मी लोटे परशुराम आणि त्याआधी तारापूर या औद्योगिक वसाहतींत मिळून एकतीस वर्षं केमिकल प्लांटवर काढली. तुमचा उपक्रम वाचून मनापासून आनंद झाला, म्हणूनच स्पष्ट लिहितो. तुमचा ताळा जरा जास्तच चांगला जुळला आहे.

रस उकळताना वर मळी येते आणि ती झाऱ्याने काढून टाकतात. भेंडीचं पाणी घालतात ते त्यासाठीच. ती मळी तुमच्या तक्त्यात कुठे आहे? ती नुसती घाण नसते, तिच्यासोबत रस जातो, म्हणजे साखर जाते. ती धरली तर बाहेरची बेरीज १४२.५ च्या वर जाईल आणि आत तर १४१ च आहे. आधीच दीड किलो जास्त बाहेर आलंय. म्हणजे आतल्या बाजूला काहीतरी कमी धरलं गेलंय.

आता आतली बाजू बघा. ७४२ लिटर रस म्हणजे ७४२ किलो रस नव्हे. १९ ब्रिक्सचा रस पाण्यापेक्षा जड, घनता १.०८ च्या किंचित खाली. वजन होतं साधारण ८०० किलो. ब्रिक्स वजनावर असतो, त्यामुळे कोरडा ऐवज १५२ किलो. गुळात सापडला १४२.५. साडेनऊ किलो गायब आहे.

दोन चुका होत्या, एक आतल्या बाजूला आणि एक बाहेरच्या. दोघींनी एकमेकींना झाकलं.

माझ्या पहिल्या नोकरीतलं सांगतो. टोल्युइन नावाचं द्रावक वापरून एक पदार्थ धुवायचो आणि ते परत मिळवायचो. महिनाअखेरीला रिकव्हरीचा आकडा कायम ९८ टक्के, कधी ९७.८, कधी ९८.१. सगळे खूश. एका मे महिन्यात टाकीत डिपरॉड (पातळी मोजायची काठी) टाकून खरंच साठा मोजला तर कित्येक ड्रम कमी. नंतर कळलं की साठ्याचा आकडा ठरलेल्या नॉर्मवरून उलटा काढला जायचा, मोजला जायचाच नाही. टोल्युइन जात होतं व्हॅक्यूम पंपाच्या व्हेंटमधून. टोल्युइनचा बाष्पदाब, म्हणजे वाफ होऊन निसटायची ओढ, २५ अंशांना पाऱ्याचे २८ मिलिमीटर आहे, ४० अंशांना ५९. मे महिन्यात कूलिंग टॉवरचं पाणी गरम, कंडेन्सर तापलेला, आणि निसटणारी वाफ दुपटीच्या वर. हे गणित दुसऱ्या वर्षाचं आहे. आम्हा पाच इंजिनियरांना ते येत होतं. कुणी केलं नाही, कारण ताळा जुळलेला होता.

मुलांना परत घेऊन जा. साडेनऊ किलो शोधायला लावा.

---

काहीलकाठ

लोटेकर काका, तुमचा प्रतिसाद मी काल रात्री तीनदा वाचला.

घनतेची चूक माझ्या नजरेतून सुटली. टाळ्यांच्या आवाजात मी तक्त्यावर सही केली. दीड किलो जास्त बाहेर आलंय हे दिसत होतं, मी ते काट्याच्या चुकीवर टाकलं. १३० किलोवाल्या मुलाला मी जे विचारलं तेच मला कुणीतरी विचारायला हवं होतं.

आज वर्गात हे सगळं फळ्यावर लिहिलं. माझी सही खोडली. वर्ग एकदम शांत झाला. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, मग ताळा जुळला तरी उत्तर बरोबर आहे हे कसं कळायचं?" अकरा वर्षांत माझ्या तासाला आलेला हा सगळ्यात मोलाचा प्रश्न. मी त्याला म्हटलं, मला पूर्ण उत्तर देता येत नाही, आपण शोधू.

शनिवारी परत जातोय. या वेळी मळीसाठी वेगळी बादली आणि काटा घेतलाय.

---

सहकारी_प्राध्यापक

विषय भावनिक होतोय म्हणून दुसरी बाजू मांडतो. मीही केमिकल शिकवतो, जिल्ह्याच्या ठिकाणी.

अभ्यासक्रमात पाच युनिट, हातात चाळीस तास. त्यात रिसायकल, बायपास, पर्ज, ज्वलन, एन्थाल्पी हे सगळं यायचं. परीक्षा विद्यापीठाची, पेपर दुसऱ्याच कुणी काढलेला. पेपरमध्ये गुऱ्हाळ येत नाही. निकाल खाली गेला तर विभागप्रमुखांपुढे, मग मानांकन समितीपुढे लेखी खुलासा द्यायचा, प्रत्येक प्रश्न कोणत्या कोर्स आउटकमला जोडला होता याच्या तक्त्यासकट. आमच्याकडचे तिघे शिक्षक घड्याळी तासिकेवर आहेत. त्यांना तासाचे पैसे मिळतात, शनिवारी गुऱ्हाळावर गेल्याचे मिळत नाहीत. निम्मी मुलं प्रवेशाच्या कॅप राउंडमध्ये कॉम्प्युटर न मिळाल्यामुळे इकडे आलेली, त्यांचं लक्ष आयटीतल्या नोकरीकडे.

या सगळ्यात मी सॉफ्टवेअरचा मार्ग धरलाय. डीडब्ल्यूसिम हे प्लांटचं गणित संगणकावर चालवणारं सॉफ्टवेअर मोफत आहे, आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प त्याचा प्रसार करतो, त्यांच्याकडे सोडवलेल्या फ्लोशीटचा (प्लांटच्या आराखड्यांचा) मोठा साठा आहे. पन्नास मुलं एका तासात पूर्ण प्लांट चालवून बघतात. तेवढं शिकवणं आम्हाला जमतं आणि ते उपयोगीही आहे.

---

जुना_माटुंगेकर

सहकारी प्राध्यापक, तुमची अडचण खरी आहे. तासिकेवरच्या शिक्षकांबद्दल लिहिलंत ते वाचून वाईट वाटलं, त्याला उत्तर ताईंकडे किंवा माझ्याकडे नाही.

सॉफ्टवेअरबद्दल एक म्हणणं आहे. त्याचा ताळा नेहमीच जुळतो. जुळला नाही तर ते उत्तरच देत नाही. मळी नावाचा प्रवाह तुम्ही काढलाच नाहीत तर ते मळीशिवाय शेवटच्या दशांशापर्यंत जुळवून देईल. मुलं आधी काट्यावर हरलेली असली तर त्यांना हे दिसेल. नसली तर पडद्यावरच्या हिरव्या खुणेवर विश्वास ठेवून ती प्लांटवर जातील.

पेपरमध्ये गुऱ्हाळ येत नाही म्हणता. थोडं मागचं सांगतो. केमिकल इंजिनियरिंगवर पहिली व्याख्यानमाला जॉर्ज डेव्हिस यांनी १८८८ मध्ये मँचेस्टरला दिली, बारा व्याख्यानं. हे गृहस्थ काही काळ सरकारी निरीक्षक होते. तिकडे सोड्याच्या कारखान्यांतून हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू धुरांड्यातून सुटायचा, भोवतालची शेतं आणि झाडं जळायची. १८६३ च्या कायद्याने कारखान्यांना सांगितलं की यातला ९५ टक्के वायू पाण्यात शोषून घ्यायचा. निरीक्षकाचं काम काय, तर कारखान्यात जाऊन बघायचं की इतकं मीठ आत गेलं, इतका सोडा बाहेर आला, मग आम्ल गेलं कुठे? ते करताना डेव्हिसना दिसलं की कारखाने वेगवेगळे असले तरी तापवणं, शोषणं, गाळणं, वाळवणं या क्रिया त्याच आहेत. पुढे १९१५ मध्ये अमेरिकेत आर्थर लिटल यांनी त्यांना युनिट ऑपरेशन्स हे नाव दिलं, आणि आपण आजही त्या चौकटीत शिकवतो. आपला विषय जन्मला तोच हा ताळा करताना. ताई गुऱ्हाळावर जे करतायत तो अभ्यासक्रमाचा गाभा आहे.

---

राइनकाठ

मी जर्मनीत एका तांत्रिक विद्यापीठात ट्यूटर आहे, मूळ सांगलीचा. इथे विषयाला फरफारेन्सटेख्निक म्हणतात, साधारण "प्रक्रियांचं तंत्र". नावात रसायन नाहीच. आणि मास बॅलन्सला जो शब्द आहे, बिलान्झ, तोच कंपनीच्या ताळेबंदालाही आहे. काहीलकाठ ताईंचा "ताळा" वाचून मी एकदम घरी पोचलो.

इथे प्रयोगशाळेच्या अहवालात चुकांचा अंदाज सक्तीचा असतो. उंची पट्टीने मोजली तर पट्टीची चूक किती, तिचा अंतिम उत्तरावर परिणाम किती. तो भाग नसेल तर अहवाल परत येतो. माझा पहिला अहवाल असाच परत आला होता. ताई, तुमच्या त्या मागच्या बाकावरच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यात आहे असं मला वाटतं. हौदातली उंची एक सेंटिमीटर चुकली तर रस किती किलोने बदलतो, हे मुलांना काढायला लावा. वर फेस असेल तर एक सेंटिमीटर सहज चुकतो.

---

मांडवीपार

गोव्यात शिकवते. आमच्याकडे गुऱ्हाळ नाही, पण काजूच्या भट्ट्या आहेत. मार्च ते मे हंगाम.

बोंडांचा रस आंबवून भाणात (भट्टीवरच्या भांड्यात) उकळतात, वाफ नळीतून लावणीत, म्हणजे ती गोळा होते त्या भांड्यात, जाते, लावणी थंड पाण्यात बसवलेली असते. पहिल्या उकळीतून हुर्राक, साधारण १५ टक्के अल्कोहोल. हुर्राक परत उकळला की फेणी, ४२ ते ४५ टक्के. पुस्तकातलं रेलेचं समीकरण हेच आहे : भांड्यातलं अल्कोहोल कमी होत जातं, म्हणून वाफेतलंही कमी होत जातं. माझ्या मुली भट्टीवर दर दहा मिनिटांनी बाटलीभर नमुना घेतात आणि अल्कोहोलचं प्रमाण बघायला हायड्रोमीटर टाकतात. आलेख उतरत जातो. भट्टीवाल्या काकांना कुठे थांबायचं ते बुडबुड्यांवरून कळतं, लावणीतलं थोडं बाटलीत घेऊन हलवून बघतात. एका मुलीने त्यांनी "आता पुरे" म्हटलं तो क्षण आलेखावर खुणेने दाखवला. तीन हंगाम ती खूण जवळजवळ त्याच टक्क्यावर येते आहे.

या माणसांना वर्गात बोलवायला हवं. आम्ही दोनदा बोलवलं. मानधन देण्यासाठी पदवीचा दाखला लागतो असं कार्यालयाने सांगितलं, तेव्हा आम्ही शिक्षिकांनी आपसात जमवून दिलं.

---

लोटेकर

मांडवीपार ताई, वाचून फार बरं वाटलं.

एक विषय राहतोय, तो मांडल्याशिवाय मला चैन पडणार नाही. सुरक्षितता. आमच्या वेळी ती शिकवली जात नव्हती. आता "सेफ्टी" नावाचा एक पेपर असतो, त्यात हेल्मेट, गॉगल आणि कायद्यांची नावं पाठ करतात. माझं म्हणणं आहे की ती याच ताळ्यात शिकवा, दुसऱ्या वर्षालाच.

एक लिटरच्या फ्लास्कमध्ये अभिक्रिया केली, थोडी गरम झाली, बर्फाच्या पाण्यात धरली, झालं. तीच पाच हजार लिटरच्या रिअॅक्टरमध्ये करायची. उष्णता तयार होते पूर्ण आकारमानात आणि बाहेर जाते भिंतीतून. आकारमान ५००० पट झालं की व्यास १७ पट होतो, म्हणजे प्रत्येक लिटरच्या वाट्याला येणारी भिंत सतरावा हिस्सा उरते. फ्लास्कमध्ये जी उष्णता आपोआप निसटत होती तिला आता वाट नाही. तापमान वाढलं की अभिक्रियेचा वेग वाढतो, वेग वाढला की उष्णता वाढते.

१९ डिसेंबर २००७ ला अमेरिकेत जॅक्सनविलला टी-टू लॅबोरेटरीज या छोट्या कारखान्यात हेच झालं. पेट्रोलमध्ये घालायचं एक रसायन बनवत होते, सोडियम धातू वापरून. रिअॅक्टरचं थंड करणारं पाणी बंद पडलं, पर्यायी सोय नव्हती. स्फोटात चार जण गेले. ती १७५ वी बॅच होती. आधीच्या १७४ निभावल्या होत्या! दोन मालकांपैकी एक केमिस्ट आणि एक केमिकल इंजिनियर, आणि तो इंजिनियर त्या स्फोटात गेला. चौकशी करणाऱ्या केमिकल सेफ्टी बोर्डाने एक शिफारस कारखान्यांच्या पलीकडे, विद्यापीठांच्या अभ्यासक्रमासाठी केली : पदवीच्या मुलांना अभिक्रियांमधले धोके शिकवा. चार माणसं गेल्यावर चौकशीचं बोट आपल्या फळ्यापर्यंत आलं, हे शिकवणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं असं मला वाटतं.

भोपाळ तर आपलंच. डिसेंबर १९८४. मिथाइल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी गेलं. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा कित्येक महिने बंद, निसटलेला वायू जाळणारा फ्लेअर दुरुस्तीसाठी तोडलेला, वायू धुऊन घेणारा स्क्रबर इतक्या वायूला पुरणारा नव्हता. आजची मुलं त्यानंतर वीस वर्षांनी जन्मली. मी पाहुणा म्हणून कॉलेजांत जातो तेव्हा विचारतो, "टाकीत किती टन होतं?" चाळीसच्या वर, हे फार थोड्यांना सांगता येतं. मग दुसरा प्रश्न, इतकं साठवायची गरज होती का? तिथून वर्ग जागा होतो.

---

सहकारी_प्राध्यापक

लोटेकर साहेब, हा व्यास आणि आकारमानाचा भाग मी उद्याच घेणार आहे. त्याला वीस मिनिटं आणि खडू लागेल, बसही लागणार नाही, परवानगीही नाही. असं काही आणखी सुचत असेल तर लिहा. आमच्यासारख्यांना तेच हवंय.

---

काहीलकाठ

शनिवारचा वृत्तांत.

पहाटे पाचला पोचलो. गुळव्या आबांना आधीच सगळं सांगितलं होतं. मळी बादलीत जमवली, २६ किलो भरली. आबांना इतकी निघते हे माहीत होतं, तोलली मात्र पहिल्यांदाच. प्रयोगशाळेत वाळवल्यावर २१ टक्के कोरडा ऐवज, म्हणजे साधारण साडेपाच किलो. साडेनऊमधले साडेपाच सापडले. उरले चार.

इथे मुलं अडली. काहिलीच्या कडेला उडालेला रस, चाळणीत राहिलेला, सगळं मोजून झालं, पाव-अर्धा किलोच्या पुढे जाईना. मग त्या १३० किलोवाल्या मुलाने विचारलं, "मॅडम, पहिल्या दिवशी काकवी कुठे लिहिलीय?"

पहिल्या आदणाला गूळ होण्याआधी आबांनी एक किटली काकवी काढून ठेवली होती, साडेचार किलोची. वर आमच्या ५४ जणांनी चाखली ती अर्धा किलो तरी असेल. पाच किलो काकवी, ७५ ब्रिक्स धरला तर पावणेचार किलो. साडेपाच आणि पावणेचार मिळून सव्वानऊ. उरला पाव किलो!

दुसऱ्या आदणाची मळी पहिल्याच्या हिशेबात घेतली आहे, हे मुलांनी तक्त्याखाली स्वतःहून लिहिलं. राइनकाठ म्हणाले तसं पट्टीचंही काढलं. हौदात एक सेंटिमीटर चुकला तर साधारण बारा किलो रस, म्हणजे सव्वादोन किलो ऐवज. त्यामुळे पाव किलोचा आनंद करायचा नाही, असं त्यांनीच ठरवलं. या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. मुलं तक्त्याकडे बघत बसली होती.

सहकारी प्राध्यापक, तुमच्यासाठी : हे दोन्ही आदणांचे आकडे कुणीही वर्गात वापरा. आधी चुकलेला तक्ता द्या, १४१ आणि १४२.५ वाला, आणि चूक शोधायला सांगा. तास एकच लागेल.

आता उष्णतेचा ताळा घेतलाय. पहिल्या आदणात ६१९ किलो पाणी उडालं. रस २८ अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला साधारण २२० आणि पाण्याची वाफ करायला १,४०० मेगाज्यूल, एकूण १,६०० च्या वर. जळलेलं चिपाड मुलांनी भारे मोजून ३३० किलो धरलंय. वाळलेल्या चिपाडाचे किलोला १५ मेगाज्यूल धरले तर ४,९५०. म्हणजे तिसरा हिस्सा रसाला मिळतो आणि दोन हिस्से धुराड्यातून आणि चुलवाणाच्या भिंतीतून जातात.

---

क्वाडवाला

मी साखर कारखान्यात बाष्पीभवन विभागात आहे. आमच्याकडे चार बॉड्या, म्हणजे रस उकळायची बंद भांडी, एकामागे एक; या संचाला क्वाड म्हणतात. पहिल्या बॉडीत रसातून उठलेली वाफ दुसरीला तापवते, दुसरीची तिसरीला. शेवटच्या बॉडीत व्हॅक्यूम, म्हणून तिथे रस कमी तापमानाला उकळतो. एक किलो वाफ आत दिली की तीन-साडेतीन किलो पाणी उडतं. ही युक्ती नॉर्बर्ट रिलिअक्स या माणसाची, लुइझियानातली, पेटंट १८४३ आणि १८४६ ची. तो कृष्णवर्णीय आईचा मुलगा आणि ती गुलामगिरीची दशकं. पहिली बॉडी दाखवताना मी मुलांना हे नाव आवर्जून सांगतो.

ताई, तुमची मुलं आधी उघडी काहील बघून मग आमच्याकडे आली तर त्यांना क्वाड कशासाठी आहे हे सांगावंच लागणार नाही. घेऊन या, सीझन मार्चपर्यंत आहे. गेटपास आणि शिफ्ट इनचार्जशी बोलणं माझ्याकडे.

---

काहीलकाठ

क्वाडवाले दादा, नक्की येतो. व्यनि केलाय.

आबांना चिपाडाचा आकडा सांगितला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मॅडम, दोन हिस्से जात्यात तर त्यातला अर्धा तरी अडवता येतोय का बघा की. पोरं एवढी शिकत्यात." मुलांनी लगेच वही काढली. धुराड्याचं तापमान मोजायला थर्मोकपल लागेल, तो विभागातून मिळेल. धुराड्यातल्या उष्णतेवर रस आधी थोडा तापवून घेता येईल का, याचं गणित चौघांनी घेतलंय. चुलवाणात हवा किती जाते ते कसं मोजायचं यावर अजून वाद चालू आहे. कुणाला अनुभव असेल तर लिहा.

---

तिसरं_वर्ष

मॅडम, पुढचं आदण कधी आहे? मी बाहेरच्या कॉलेजचा आहे, पण येऊ का?

---

काहीलकाठ

ये की. शनिवारी, पहाटे पाच. गरम कपडे घाल आणि एक वही आण. चिपाडाचे भारे या वेळी मोजायचे नाहीत, तोलायचे आहेत, त्यामुळे हात कमीच पडणार आहेत.